‘बंद’ या शब्दाचे अर्थ : वीजवाहिनीवरील तंत्रज्ञाचे प्रशिक्षण आणि त्याची भाषा

१

व्यवसायशिक्षण म्हणजे हाताला वळण लावणे, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे. रंधा धरणे, घण उचलणे, खांबावर चढणे या क्रिया पाहून व करून शिकावयाच्या असतात, आणि त्यांत भाषेचा वाटा नाममात्र असतो, असे या समजुतीत गृहीत धरलेले असते. पुष्कळ व्यवसायांच्या बाबतीत हे काही अंशी खरेही आहे. सुताराने एखादा शब्द चुकीचा समजून घेतला तर एक फळी वाया जाते. परंतु डोक्यावरून जाणाऱ्या उघड्या वीजतारांवर जो काम करतो त्याची गोष्ट निराळी आहे. तो ज्या पदार्थाशी व्यवहार करतो तो डोळ्यांना दिसत नाही, कानाला बहुधा ऐकू येत नाही, आणि स्पर्शाने ओळखावा तर ती ओळख अखेरचीच ठरण्याचा संभव असतो. वीज असलेली तार आणि वीज नसलेली तार यांत बाहेरून काहीही भेद दिसत नाही. हा भेद त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावरून आणि उपकरणाच्या साक्षीवरून जाणून घ्यावा लागतो. म्हणून या व्यवसायात शब्द हे एक हत्यारच होय. आणि बोथट हत्याराने जसा अपघात होतो तसा संदिग्ध शब्दानेही होतो.

महाराष्ट्रातील उपरी वीजवाहिन्यांवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणाचा या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या प्रशिक्षणात अनेक विषय येतात. तथापि त्याचा गाभा एका वाक्यात सांगावयाचा झाल्यास असे म्हणता येईल की, ‘बंद’ या एका घरगुती शब्दाचे त्याच्या घटक अर्थांत पृथक्करण करावयास शिकणे, हाच तो गाभा होय.

२

प्रथम या शिक्षणाची व्यवस्था थोडक्यात पाहू. स्वातंत्र्यानंतर १९५० साली भारत सरकारने शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे क्रमाने देशभर पसरले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने प्रत्यक्ष कारखान्यात वा आस्थापनेत राहून शिकण्याच्या पद्धतीला कायद्याचा आधार दिला. महाराष्ट्रात वाहिनीवरील कामाकडे येणारा विद्यार्थी बहुधा या संस्थांतील ‘वीजतंत्री’ किंवा ‘तारतंत्री’ या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून येतो. २० जून १९६० रोजी अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ साली विभाजन झाले आणि वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. तेथे नवागत प्रथम ‘विद्युत सहाय्यक’ म्हणून काही काळ मानधनावर काम करतो व नंतर ‘तंत्रज्ञ’ होतो. कंपनीने या वर्गाला ‘जनमित्र’ असेही नाव दिले आहे. खेडेगावात मात्र या सर्वांना सरसकट ‘वायरमन’ म्हणतात.

नावांच्या या मालिकेत ‘तारतंत्री’ हा शब्द अभ्यासकाचे लक्ष वेधून घेतो. संस्कृतात ‘तंत्री’ म्हणजे तार, वीणेची तार. तेव्हा शब्दशः पाहता ‘तार-तार’ असाच अर्थ निघावा. परंतु येथील ‘तंत्री’ हा ‘तंत्र’ या शब्दाला ‘जाणणारा’ या अर्थाचा प्रत्यय लावून साधलेला आहे. शब्द तयार करणाराने जुळवून आणलेली ही योजना वापरणाराच्या मनात क्वचितच येते, आणि त्यामुळे त्याचे काही बिघडतही नाही. परिभाषेतील शब्दाचे मूळ माहीत नसले तरी चालते. त्याचा निर्देश एकच असणे पुरेसे असते.

३

प्रशिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात साहित्य व रचना यांचा परिचय असतो. खांबाच्या लांबीचा सुमारे सहावा हिस्सा जमिनीत गाडावा, वाहिनी जेथे वळते वा संपते तेथे तारांचा ओढा एका बाजूस पडतो म्हणून विरुद्ध बाजूस ताणतार द्यावी, उन्हाळ्यात तार तापून लांबते व तिचा झोळ वाढतो म्हणून हिवाळ्यात ओढताना ती वाजवीपेक्षा सैल सोडू नये व उन्हाळ्यात वाजवीपेक्षा ताठ ओढू नये, अशा प्रकारची ही माहिती असते. रस्ता ओलांडणाऱ्या वाहिनीची सर्वांत खालची तार जमिनीपासून किती उंच असावी हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी ठरवून दिले होते. मेट्रिक मापात ती उंची लघुदाब वाहिनीस ५.८ मीटर व ११ हजार व्होल्टच्या उच्चदाब वाहिनीस ६.१ मीटर अशी होते. झोळाचा हिशेब चुकला की हे अंतर कमी होते, आणि उसाने भरलेली गाडी खालून जाताना त्या चुकीचा पडताळा येतो.

तारांची नावे हा या टप्प्यातील एक मनोरंजक भाग आहे. पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमचे पेड वळून केलेल्या तारांना ब्रिटिश प्रथेनुसार प्राण्यांची नावे आहेत : ‘स्क्विरल’, ‘वीझल’, ‘रॅबिट’, ‘डॉग’, ‘पँथर’. पोलादाचा एक पेड व त्याभोवती ॲल्युमिनियमचे सहा पेड अशी ‘वीझल’ व ‘रॅबिट’ यांची घडण सारखीच असते. पेडाची जाडी मात्र पहिलीत २.५९ व दुसरीत ३.३५ मिलिमीटर असते. ‘वीझल’ हा कोणता प्राणी हे विद्यार्थ्यास सहसा ठाऊक नसते, आणि तो त्याचा उच्चारही आपल्या सोयीने करतो. पण भांडारातून तार आणताना त्याची कधी गल्लत होत नाही. कारण या नावाला त्याच्या भाषेत दुसरा अर्थच नाही. अपरिचित पण एकार्थी शब्द निरुपद्रवी असतो. धोका असतो तो परिचित पण अनेकार्थी शब्दापासून. ‘बंद’ हा असा शब्द आहे.

४

मराठी माणूस दिवा ‘बंद’ करतो तेव्हा दिवा विझतो. दुकान बंद, कारखाना बंद, नळ बंद, पंखा बंद : या सर्व ठिकाणी ‘बंद’ म्हणजे व्यवहार वा प्रवाह थांबलेला. उलट विद्युत्शास्त्राची भाषा प्रवाहाकडे न पाहता मार्गाकडे पाहते. मार्ग जोडला गेला, म्हणजे वर्तुळ मिटले, की परिपथ ‘बंद’ झाला आणि प्रवाह वाहू लागला. मार्ग कोठे तुटला की परिपथ ‘उघडा’ झाला आणि प्रवाह थांबला. इंग्रजीतील ‘क्लोज’ व ‘ओपन’ या शब्दांचा हा अर्थ शास्त्राच्या पुस्तकांतून ‘बंद परिपथ’ व ‘खुला परिपथ’ अशा रूपाने मराठीत आला. परिणाम असा झाला की, एकाच वाक्यात ‘स्विच बंद केला’ असे म्हटल्यास घरच्या मराठीत पुरवठा थांबला आणि पुस्तकी मराठीत पुरवठा सुरू झाला, असे दोन परस्परविरुद्ध अर्थ संभवतात. एका शब्दाचे दोन अर्थ असणे ही भाषेत नित्याची गोष्ट आहे. परंतु ते दोन अर्थ एकाच वस्तूच्या दोन विरोधी अवस्था दर्शवितात असे क्वचित् घडते.

ही उणीव मराठीची नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. इंग्रजीतही पाण्याचा व्हॉल्व्ह ‘क्लोज’ केला की प्रवाह थांबतो आणि विजेची कळ ‘क्लोज’ केली की प्रवाह सुरू होतो. जर्मन भाषेत वाहिनी पुरवठ्यापासून तोडण्यास ‘फ्रायशाल्टन’ असे क्रियापद आहे. सुरक्षिततेच्या सुप्रसिद्ध पाच नियमांतील पहिला नियम म्हणजे हेच क्रियापद. परंतु नित्याच्या जर्मनमध्ये त्याच क्रियापदाचा अर्थ एखादी सेवा ‘सुरू करून देणे’ असा होतो. तात्पर्य, जेथे जेथे शास्त्राने बोलभाषेतील शब्द उचलला तेथे तेथे हा पेच उद्भवला आहे. प्रश्न आहे तो प्रशिक्षणाने तो कसा सोडवावा हा.

उपकेंद्रातील फलकावर ‘क्लोज’ व ‘ओपन’ अशी अक्षरे असतात. तेथील यंत्रचालकास ती रोज वाचावी लागतात. पाच-सहा किलोमीटरांवर खांबाखाली उभा असलेला तंत्रज्ञ मात्र घरच्या मराठीत बोलत असतो. दोघांचे संभाषण दूरध्वनीवर, वाऱ्यापावसात, घाईत चालते. अशा वेळी ‘क्लोज केली’ या शब्दांचे मनातल्या मनात ‘बंद केली’ असे भाषांतर होणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून चांगला निदेशक आपल्या विद्यार्थ्यांना कळेची स्थिती सांगण्याऐवजी वाहिनीची स्थिती सांगावयास शिकवितो : ‘पुरवठा तोडला’ आणि ‘पुरवठा जोडला’. या दोन क्रियापदांना विरोधी अर्थ चिकटलेला नाही.

५

एवढ्याने काम भागत नाही. घरगुती अर्थाने वाहिनी ‘बंद’ आहे हे निश्चित झाले तरी तंत्रज्ञाच्या दृष्टीने त्या शब्दात चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि प्रशिक्षणाचा पुष्कळसा वेळ त्या वेगळ्या करण्यात जातो.

पहिली गोष्ट, मार्ग खरोखर तुटलेला आहे. खांबावरील ए. बी. स्विचचा दांडा खाली ओढला म्हणजे तिन्ही पाती उघडलीच असे नाही. गंजामुळे वा वाकल्यामुळे एखादे पाते चिकटून राहते. म्हणून दांड्याच्या स्थितीवर विश्वास न ठेवता मान वर करून तिन्ही पाती डोळ्यांनी पाहावयाची असतात.

दुसरी गोष्ट, तो मार्ग पुन्हा कोणी जोडणार नाही. त्यासाठी कुलूप लावणे, फ्यूज काढून जवळ ठेवणे, कामगार काम करीत असल्याचा फलक टांगणे हे उपाय आहेत.

तिसरी गोष्ट, तारेत दाब नाही हे तपासले आहे. येथे नवशिक्यास आश्चर्य वाटते. एका टोकाला मार्ग तुटल्यावर वीज येणार कोठून? उत्तर असे की ती दुसऱ्या टोकाकडून येऊ शकते. गावातील एखाद्याने चेंज-ओव्हर स्विच न बसविता आपले डिझेल जनित्र घरच्या जोडणीवर चालू केले, तर ती वीज लघुदाब तारांतून रोहित्रापर्यंत मागे जाते. रोहित्राला उलटसुलट दिशा कळत नाही. ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारे तेच यंत्र उलट बाजूने त्याच प्रमाणात दाब वाढविते, आणि ‘बंद’ असलेल्या उच्चदाब वाहिनीत जीवघेणा दाब येतो. शेजारून समांतर जाणाऱ्या चालू वाहिनीच्या प्रभावानेही तारेत दाब निर्माण होतो; दूरवर पडलेल्या आकाशातील विजेनेही होतो. म्हणून दाबदर्शकाने तपासावयाचे. आणि तो दर्शकच बिघडलेला नाही याची खात्री तपासणीपूर्वी व तपासणीनंतर चालू असलेल्या ठिकाणी लावून करावयाची.

चौथी गोष्ट, तार जमिनीशी जोडलेली आहे. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस तिन्ही तारा एकमेकींशी व जमिनीशी जोडल्या म्हणजे चुकून आलेल्या विजेस माणसाच्या देहापेक्षा सोपी वाट मिळते आणि उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडते. यात क्रम महत्त्वाचा असतो. लावताना आधी जमिनीचे टोक व मग तारेचे. काढताना आधी तारेचे व मग जमिनीचे. क्रम उलटला तर त्या मधल्या क्षणी दांडा धरणारा माणूसच तार व जमीन यांमधील दुवा होतो.

मराठी व्याकरण या बाबतीत तंत्रज्ञास मोठे साहाय्य करू शकते. मात्र त्याने त्याकडे कान दिला पाहिजे. ‘लाईन बंद पडली’, ‘लाईन बंद झाली’, ‘लाईन बंद आहे’ आणि ‘लाईन बंद केली आहे’ ही चार वाक्ये बोलताना आपण सहज अदलाबदलीने वापरतो. परंतु ‘पडली’ म्हणजे बिघाडाने गेली; ती कोणत्याही क्षणी परत येईल. ‘झाली’ यात कर्ता नाही. ‘आहे’ यात केवळ अवस्था आहे. ती भारनियमनाची असेल तर ठरल्या वेळी संपणारच. फक्त ‘केली आहे’ या रूपातच कोणीतरी ती केली असल्याचे गर्भित आहे, आणि म्हणून ‘कोणी?’ असा प्रश्न विचारण्यास तेथेच जागा आहे. कर्ता सांपडला की जबाबदारी सांपडते. तारेला हात लावण्यापूर्वी पहिल्या तीन वाक्यांचे चौथ्यात रूपांतर करून घेणे, आणि कर्त्याचे नाव विचारणे, हा व्याकरणाचा पाठ प्राणरक्षणाचाही पाठ आहे.

६

ही जबाबदारी कागदावर उतरते ती ‘परमिट’च्या रूपाने. कामाचा परवाना हा वरवर पाहता एक नमुन्याचा कागद आहे : वाहिनीचे नाव, कोठून कोठपर्यंत, कोणी दिला, कोणी घेतला, वेळ, सही. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्याचे स्वरूप विचार करण्यासारखे आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन याने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखविले की, काही उक्ती वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, तर त्या उच्चारण्यानेच एक कृती घडते. परवाना ही अशी उक्ती होय. ‘वाहिनीत वीज नाही’ हे विधान खरे वा खोटे असू शकते. ‘तुम्हांस काम करण्यास परवाना दिला आहे’ ही उक्ती खरीखोटी नसते, ती यथोचित वा अयथोचित असते. ती यथोचित होण्यास देणारा अधिकारी असावा लागतो, घेणारा निश्चित असावा लागतो, वाहिनीच्या सीमा निःसंदिग्ध असाव्या लागतात; आणि ज्याने परवाना घेतला त्यानेच तो परत केल्याविना पुरवठा जोडला जाता कामा नये.

या अटींपैकी सीमांची अट भाषेमुळे सर्वांत अधिक वेळा ढिली पडते. ‘ही लाईन’, ‘वरची लाईन’, ‘पलीकडची लाईन’ हे शब्द बोलणारा व ऐकणारा एकाच जागी उभे असतील तरच अर्थपूर्ण असतात. दूरध्वनीवर त्यांचा निर्देश हरवतो. महाराष्ट्रात अनेक गावांत गावठाणाची वाहिनी व शेतीची वाहिनी वेगळ्या आहेत. त्या कोठे एकमेकींना ओलांडतात, तर कोठे एकाच खांबावरून जातात. शेतीची वाहिनी तोडून घेतली आणि वर गावठाणाची चालू राहिली, असे घडण्यास एक सर्वनाम पुरे होते. म्हणून दर्शक सर्वनामे टाकून वाहिनीचे नाव व खांबाचा क्रमांक सांगणे, आणि ऐकणाराने ते शब्द जसेच्या तसे परत उच्चारून दाखविणे, ही शिस्त लावली जाते. ‘दहा मिनिटांनी चालू कर’ हा घड्याळावर सोपविलेला निरोप याच कारणाने निषिद्ध मानतात : घड्याळ वेळ सांगते, माणूस खांबावरून उतरला की नाही हे सांगत नाही.

७

प्रशिक्षणार्थी वर्गात येतो तो रिकाम्या मनाने नव्हे, तर विजेविषयी बोलण्याची एक लोकभाषा घेऊनच येतो. ‘लाईट गेली’ हा त्यातील सर्वांत प्रचलित प्रयोग. घरातील दिवा विझला म्हणजे वीज गेली, असे त्यात अनुमान आहे. परंतु तीन तारांपैकी एकीचा फ्यूज उडाला तरी त्या घरची ‘लाईट जाते’, आणि उरलेल्या दोन तारांत वीज पूर्ववत् असते. ‘लाईट नाही’ यावरून ‘तारेत वीज नाही’ असे समजणे हा अर्थसंकोचाच्या उलट दिशेने झालेला, पण प्राणांतिक, अर्थविस्तार होय.

‘वीज ओढून घेते’, ‘तारेला चिकटला’ हे प्रयोगही असेच आहेत. त्यांतील निरीक्षण खरे आहे, स्पष्टीकरण चुकीचे आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाने हाताचे स्नायू आकुंचन पावतात आणि मूठ आवळली जाते. माणूस तार सोडू इच्छितो पण सोडू शकत नाही. वीज ओढते या समजुतीने शेजारचा माणूस त्याला धरून मागे खेचावयास जातो आणि स्वतःही सांपडतो. आधी पुरवठा तोडावा, ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडासारख्या विद्युतरोधक वस्तूने त्याला दूर करावे, हा नियम पाठ करून घेण्यापेक्षा मुळातील रूपक उलगडून दाखविले तर तो अधिक टिकतो. अर्थात् हा उपाय लघुदाबापुरताच आहे. उच्चदाब तारेजवळ लाकडाचाही भरवसा नाही. तेथे पुरवठा तुटल्यावाचून जवळ जाऊ नये.

कायद्यानेही भाषेची दखल घेतलेली आहे. १९५६ च्या नियमांनी धोक्याची सूचना हिंदीत वा इंग्रजीत आणि शिवाय जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत, कवटी व हाडांच्या चिन्हासह लावण्याचे बंधन घातले. विजेचा धक्का बसलेल्यास शुद्धीवर आणण्याच्या सूचनाही स्थानिक भाषेत असाव्यात असे सांगितले. या तरतुदीमागील शहाणपण ‘धोका’ या शब्दावरून ध्यानात येते. मराठीत त्याचा अर्थ संकट. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक, आणि संकटाला तेथे ‘खतरा’ म्हणतात. आज वाहिनीच्या कामावर मराठी न जाणणारे कंत्राटी मजूरही असतात. त्यांच्यासाठी दोन भाषा व एक चित्र यांची जोड आवश्यक ठरते.

८

या विवेचनावरून परिभाषेच्या धोरणाविषयी काही निष्कर्ष निघतात. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे मोठे काम केले. ‘रोहित्र’, ‘जनित्र’, ‘उपकेंद्र’, ‘भारनियमन’ हे शब्द आज शासकीय लेखनात व वृत्तपत्रांत रुळले आहेत. खांबावर मात्र ‘डीपी’, ‘जंप’, ‘अर्थिंग’, ‘परमिट’ हेच शब्द चालतात. या दोन भाषांपैकी शुद्ध कोणती हा वाद प्रशिक्षणाच्या दृष्टीने गौण आहे. ‘अर्थिंग’ला ‘भूसंपर्क’ म्हटल्याने वा न म्हटल्याने कोणी दगावत नाही, कारण दोन्ही शब्द एकार्थी आहेत. कसोटी लावावयाची ती शब्दाच्या कुळाची नव्हे, त्याच्या एकार्थतेची. त्या कसोटीवर ‘बंद परिपथ’ ही शास्त्रीय दृष्ट्या निर्दोष व मराठी वळणाची संज्ञा व्यवसायाच्या वर्गात गैरसोयीची ठरते, आणि ‘वीझल’ हा परका शब्द निर्वेधपणे खपतो.

दुसरा निष्कर्ष अध्यापनाविषयी आहे. सुरक्षिततेचे नियम बहुधा यादी म्हणून शिकविले जातात, आणि यादीतील एखादे कलम घाईच्या वेळी गळते. तेच नियम जर एका शब्दाच्या अर्थाचे घटक म्हणून शिकविले, म्हणजे मार्ग तुटला, पुन्हा जुळणार नाही, तपासले, जमिनीशी जोडले, या चारही गोष्टी झाल्याशिवाय ‘बंद’ हा शब्द उच्चारण्याचाच आपणांस अधिकार नाही असे शिकविले, तर कलम गळणे म्हणजे शब्द खोटा ठरणे होय, ही जाणीव विद्यार्थ्यात उत्पन्न होते. पावसाळी रात्री अंधारात बसलेले गाव वायरमनची वाट पाहत असते. प्रत्येक घरातून ‘लाईट कधी येणार?’ असा प्रश्न येत असतो, आणि त्या घाईचा सारा भार खांबाखाली उभ्या असलेल्या एका माणसावर पडतो. त्या क्षणी त्याच्याजवळ हातमोजे, पट्टा, दांडा ही साधने असतात. आणि ‘लाईन बंद आहे’ एवढेच ऐकून न थांबता ‘कोणी केली, कोठून केली, तपासली का, जोडली का’ असे विचारण्याची सवयही असली पाहिजे. ती सवय लावणे हे या व्यवसायाच्या शिक्षणाचे पहिले कर्तव्य होय.